एसी न्हाई, गरम पानी हाय

घोडेगावात भीमाशंकरच्या रस्त्याला सोपान आणि साळुबाई यांची खाणावळ होती. नव्वदच्या सुमारास पत्र्याच्या शेडमध्ये सुरू केलेली. पुढे वर खोल्या चढल्या आणि दर्शनाला जाणारे लोक मुक्काम करू लागले. सोपान बाजारहाट आणि भटारखाना पाहायचा. पाहुण्यांशी बोलायची ती साळुबाई.

२००७ साली सुरतेचा एक पाहुणा तिला म्हणाला, "ताई, आम्ही इंटरनेटवर जागा शोधून निघतो. तुमची सापडतच नाही." साळुबाई मंचरला गेली. तिथे अश्विनी नावाची मुलगी वेबसाईट बनवून द्यायची. वेबसाईट म्हणजे काय ते साळुबाईला धड ठाऊक नव्हतं; पण आपल्याकडे कोण येतं, फोनवर काय विचारतं, आपल्याकडे काय आहे नि काय नाही, हे तिने घडाघडा सांगितलं. "एसी न्हाई, हे आदी लिही," ती म्हणाली. "हितं येऊन तोंड वाकडं करण्यापरीस घरीच करूंद्या."

काम निम्मं झालं होतं. एका सकाळी कणीक मळता मळता साळुबाई खाली बसली, ती उठलीच नाही. मेंदूत रक्तस्राव झाला, असं डॉक्टर म्हणाले.

सोपान रडला नाही. भेटायला आलेल्यांना तो चहा विचारायचा. तेरावं झाल्यावर त्याने खाणावळ उघडली. भाजी चाखली तरी त्याला चव कळेना, म्हणून स्वयंपाकाच्या गोजरबाईला चाखायला लावायचा.

काही दिवसांनी अश्विनी कागदावर छापलेली पानं घेऊन आली. हा रंग ठेवू का? "चालंल." खोल्यांची माहिती एवढी पुरे? "चालंल." शेवटी तिने मुद्दाम विचारलं, "आणि हे पान काढूनच टाकलं तर?"

"चालंल."

"काका, तुम्ही नको म्हणालात तरी मला राग नाही यायचा. पण कुणीतरी एकाने नीट सांगायला हवं."

सोपानने जावयाचं नाव सांगितलं. पप्पूचं आळेफाट्याला गॅरेज होतं आणि त्याला हौस दांडगी. त्याने पानावर चमकणारा ओम घालायला लावला, धावती अक्षरं, घंटेचा आवाज. सोपानचे थोरले भाऊ गेणभाऊ परस्पर अश्विनीला फोन करून भगवा रंग सांगायचे. पप्पू दुसऱ्या दिवशी तो निळा करायला लावायचा. मग पप्पूने कुठल्याशा मोठ्या हॉटेलातल्या खोलीचा फोटो पाठवला. जाड पडदे, भिंतीवर एसी.

अश्विनीने सोपानला फोन केला. "काका, ही खोली तुमची नाही ना?"

"जावईपावणं म्हनत्यात तसं कर."

तिने नाइलाजाने फोटो टाकला.

एप्रिलात बडोद्याचं एक कुटुंब आलं. बरोबर दमेकरी म्हातारी. जिना चढून ती वरच्या पायरीवरच बसली. तिच्या मुलाने खिशातून छापलेलं पान काढलं आणि म्हणाला, "यह वाला कमरा दीजिए।"

"तसली खोली न्हाई हितं."

तो माणूस ओरडला नाही. "फिर फोटो क्यों डाला?" एवढंच त्याने विचारलं. सोपानने खालच्या माजघरात खाट टाकली, पंखा लावला, म्हातारीला पाणी दिलं. आपल्याला लाज वाटायला हवी, हे त्याला समजत होतं. वाटत नव्हती.

दुसऱ्या दिवशी तो एसटीने मंचरला गेला. "ती खोली काढ," अश्विनीला म्हणाला.

"आणि बाकीचं?"

तो खुर्ची ओढून बसला. मग साठ्याची मोजदाद करावी तशा सपाट आवाजात बोलू लागला. "गरम पानी सकाळी हाय. एसी न्हाई. जिना चढावा लागतो, म्हाताऱ्या मानसानं आदी फोन करावा, खाली सोय करतो. जेवान घरचं. आमच्या खोल्या हायेत तशा येऊन फोटो काढ."

"ओम?"

"काढ. तिकडं देवळात हाय."

"रंग कुठला ठेवू?"

"ते तुजं काम. मला काय कळतंय?" मग तो म्हणाला, "कुनी बदल सांगितला तर मला विचार. जावईपावण्यांना मी सांगतो."

"संपर्काला अजून साळूताईंचं नाव आहे, काका."

"माजं टाक."

तिने एकेक अक्षर खोडलं. सोपान पाहत राहिला. आता तरी आत काही हलेल, असं त्याला वाटलं. काही हललं नाही. ती त्याचं नाव लिहीपर्यंत तो बसला आणि परतीच्या एसटीची चौकशी करून उठला.

पप्पू थोडे दिवस रुसला, मग येऊ लागला. येणारे पाहुणे आता काय मिळणार ते वाचून यायचे. कटकटी कमी झाल्या.

दोनेक वर्षांनी अश्विनी लग्न होऊन नाशिकला गेली. तिने ते काम जुन्नरच्या नुमानकडे सोपवलं. नुमान कॉम्प्युटर उघडून नमुने दाखवायला लागला, तसा सोपान म्हणाला, "ते ऱ्हाऊ दे. आदी येऊन एक मुक्काम कर. मंग बनव."

नुमान आला, जेवला, वरच्या खोलीत झोपला. सकाळी म्हणाला, "काका, या खिडकीतून डोंगर दिसतो. ते कुठंच लिहिलं नाहीये."

सोपान खिडकीशी जाऊन उभा राहिला. डोंगर होता.

"लिही," तो म्हणाला.