पंपघराची कोनशिला

समाजाची खरी उंची त्याच्या सांडपाण्याच्या व्यवस्थेवरून मोजावी, असं माझं ठाम मत आहे. आमच्या गल्लीची उंची अडीच विटा होती. तेवढा उंबरा बांधूनही पावसाळ्यात गावाचं गटारपाणी माझ्या स्वयंपाकघरात यायचं.

गल्लीच्या तोंडाशी पंपघर होतं. अर्ध्या गावाच्या नाल्या तिथल्या खड्ड्यात पडत आणि दोन म्हातारे पंप ते पाणी पलीकडच्या ओढ्यात फेकत. पंप चालत ते केवळ पालिकेनं तिथं नेमलेल्या चाचांमुळे. त्यांनी सळया जोडून नालीच्या तोंडाला जाळी बसवली होती. रोज दाताळ्यानं तिच्यावरचा कचरा ओढायचा आणि पालिकेला शिव्या द्यायच्या, ही त्यांची दोन कामं. पगार फक्त पहिल्याचा मिळे.

बीटी कपाशी नवी होती त्या दिवसांत नवा पंप मंजूर झाला. कडक इस्त्रीतले एक साहेब आले आणि त्यांनी आधी जाळी भंगारात काढली, मग जुने पंप.

"काका, हा पंप आधुनिक आहे. याला जाळी लागत नाही."

"पंपाले नसंल लागत साहेब, गावाले लागते."

"किती शिकलात तुम्ही?"

"तुमच्याएवढा नाही. म्हणून तं खड्ड्यात मी उतरतो."

साहेबांनी रुमाल नाकाला लावला. चाचा मागून ओरडले, "पेरणीच्या टायमाले या!"

पंपघराच्या वरच्या अंगाला बियाण्यांची दुकानं होती. बीटीच्या पाकिटात साध्या सरकीची एक वेगळी प्लास्टिकची पुडी येई. ती शेताच्या कडेनं पेरायची, म्हणजे अळ्यांना खायला काही राहतं आणि त्या बीटीला सरावत नाहीत. अळ्यांसाठी वेगळं रान राखण्याइतकी ऐपत इथं कुणाची नव्हती. लोक दुकानाच्या पायरीवरच पाकीट फोडत आणि पुडी नालीत टाकत.

साहेब खरोखरच पेरणीच्या वेळी आले, उद्घाटनाला. पाहुण्यांनी शेतकऱ्यांच्या हालांवर अर्धा तास भाषण केलं. शेतकरी तेव्हा वरच्या गल्लीत बियाण्याच्या रांगेत होते. टाळ्यांसाठी आम्हाला बसवलं होतं. मी वाजवल्या नाहीत. कुणाच्या लक्षातही आलं नाही.

चौथ्या दिवशी पाऊस झाला. पंप थोडा घुमला आणि पुड्या गिळून गप्प झाला. पाणी अडीच विटा ओलांडून थेट कणकीच्या डब्यात गेलं. बायको ओट्यावर चढून बसली आणि तिथून माझ्याकडं अशी पाहत होती, जणू पंप मीच बसवला. साहेबांना फोन केला. ते म्हणाले, तांत्रिक अडचण आहे.

चाचांनी खड्ड्यात उतरायला साफ नकार दिला. "आधुनिक हाय म्हने. उतरू द्या त्याले."

आठवडाभर कुणीच उतरलं नाही. तेवढ्यात पाण्यानं पंपघरासमोरचा नवा खांब खचला आणि उद्घाटनाची संगमरवरी कोनशिला आडवी झाली. चाचांनी ती धुऊन माझ्या दारात आणून टेकवली.

"घ्या मास्तर, तुमच्याच कामाची चीज हाय."

उंबऱ्यावर ती चपखल बसली. नावं मी बाहेरच्या, पाण्याच्या बाजूला केली आहेत. फक्त लांबीला दोन बोटं कमी पडते. तिथं चिंधी कोंबतो.