मागून येणारी कुरकुर

येळवसेला, म्हणजे शेतात पूजा नि जेवण करायच्या वेळ अमावस्येला, आमची सगळी वरात गाडीतून शेताला निघाली होती. डिकीत आंबिलीनं भरलेलं बिंदगं नि भज्जीचं पातेलं, मागं मी, आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, आणि नणंद, पुढं मामा, म्हणजे माझे सासरे, आणि गाडी चालवत होते हे. शेताकडच्या कच्च्या पांदीला लागलो आणि मागून सुरू झालं, कुर्रर्र... कुईंऽऽ. प्रत्येक खड्ड्याला. शेजारच्या शेतातली माणसं जेवण सोडून बघायला लागली. ह्यांचं तोंड उतरलं. कडब्याच्या कोपीपुढं गाडी उभी केली आणि तिथंच जाहीर करून टाकलं, ही देऊन टाकायची, मोठी नवी घ्यायची.

ही गाडी गेली तर माझं कसं व्हायचं? मी उदगीरच्या शाळेत शिकवते. लातूरहून रोज जाणं-येणं. आधी कितीतरी वर्षं जीपमध्ये कोंबून घेऊन गेले, कुणाचं कोपर बरगडीत तर कुणाची पिशवी मांडीवर. ही जुनी, बुटकी गाडी हाती आली तेव्हापासून मी माणसात आले. आता नवी आली की किल्ली ह्यांच्या खिशात जाणार आणि ‘एवढी मोठी तुला जमायची नाही’ हे ऐकावं लागणार, यात मला तिळमात्र शंका नव्हती. मी म्हटलं, आधी आवाज कशाचा ते तर बघू. हे म्हणाले, मेकॅनिकनं बघितलं, मागचे शॉकअप बदलून झाले, आता तू काय वेगळं बघणार? झालं! माझं डोकंच सटकलं.

रोज गाडी चालवते कोण? मीच ना! मग तिच्या खोडी मला माहीत असणार का ह्यांना? सकाळी गाडी धुऊन निघाले की वाटेतल्या नळेगावापर्यंत ती गप असायची. पुढं रस्त्याच्या वाऱ्यानं वाळली की परत कुरकुर. हे मला कधीचं दिसत होतं, पण त्याचा अर्थ लावायची वेळच आली नव्हती. लोखंड लोखंडावर आपटत असतं तर दोन तांबे पाण्यानं गप बसलं नसतं. म्हणजे हे रबराचं दुखणं. मागच्या बाजूला जिथं-जिथं लोखंडाला लोखंड जोडलंय, तिथं मधे रबराचे बुश असतात. त्यातलाच कुठला तरी ओरडत होता.

सुट्टीच्या दिवशी मी अंगणात गाडी लावली, पुढच्या चाकांना दगड लावले, पोतं अंथरलं आणि इस्त्रीच्या कपड्यांवर पाणी मारायची बाटली घेऊन खाली शिरले. मामांना म्हटलं, मागून दाबत राहा. आत्याबाई दारातून म्हणाल्या, बाईच्या जातीनं हे काय चालवलंय. मामा मात्र खुशीत. दाबायचे, सोडायचे. कुईं, कुईं. शॉकअपच्या बुशवर पाणी मारलं, आवाज तसाच. दुसऱ्या बाजूला मारलं, तसाच. मग ॲक्सल जिथं गाडीच्या अंगाला जोडलाय तिथल्या डाव्या बुशवर मारलं आणि एकदम गप! मामांना म्हटलं, अजून दाबा. गप. मला वाटलं तिथंच फुगडी घालावी.

त्या बुशवर बोट फिरवलं तर चिकट, मातीचा थर बसलेला. नाकाशी नेलं. खवट वास. हा वास मी रोज स्वयंपाकघरात घेते. करडईचं तेल!

मी बाहेर आले आणि बोट मामांपुढं धरलं. मामा मूळचे देवणीकडचे, जन्म बैलगाडीत गेलेला. दसऱ्याला घरातल्या सगळ्या कुरकुरणाऱ्या वस्तूंना तेल सोडायचं हा त्यांचा रिवाज. दाराच्या बिजागऱ्या, झोपाळ्याच्या कड्या आणि दरवर्षी न चुकता माझी गाडी.

"मंग? बैलगाडीच्या आसाला घालतो तसंच घातलं," मामा म्हणाले. "लई दिवस गप बसायची की."

"मामा, तो आस लोखंडाचा. हे रबर हाय. तेल पिऊन फुगलंय ते."

मामांनी माझं बोट धरून वास घेतला. मला एकदम वाईट वाटलं. किती मायेनं घातलं होतं त्यांनी.

गॅरेजवाल्याला मी ठणकावून सांगितलं, दुसरं काही खोलायचं नाही, ॲक्सलचे बुश तेवढे बदला. कुरबुर करत त्यानं काढले. डावा तर भिजलेल्या खारकेसारखा टम्म फुगून चिरलेला. त्याचा वाद तिथंच संपला. मी तो बुश पिशवीत घालून घरी आणला आणि ह्यांच्या चहाच्या कपाशेजारी ठेवला. हे म्हणाले, पण झालं कशानं? मी सांगणार नव्हते. मामाच बोलले, माझ्या तेलानं झालं, आणि सुनेनं शोधलं.

रविवारी परत शेताला निघालो. ह्यांनी सवयीनं किल्लीसाठी हात पुढं केला. मामा आधीच पुढच्या सीटवर बसले होते. तिथूनच म्हणाले, "ती चालवंल. तू मागं बस."

हे मागं बसले, आत्याबाईंच्या शेजारी, मांडीवर आंबिलीचं बिंदगं धरून. मी मुद्दामच पांदीतला एकही खड्डा चुकवला नाही. शेत येईपर्यंत मागून आवाज म्हणून आला नाही, ना गाडीचा, ना ह्यांचा.