सतरा ते बावीस

सुंदराबाईला आपण ओळखत होतो, असं सहदेवला कधी छातीठोकपणे म्हणता आलं नाही. ती कुठल्या गावची लेक, तिचं वय काय, एकटी असताना ती कशाला हसायची, यातलं त्याला काही ठाऊक नव्हतं. तीन गोष्टी मात्र ठाऊक होत्या. नवरा बुधाजी दम्यानं घरी बसलेला, लेक जयवंता चौथीत शिकणारी, आणि राग धरून ठेवायची ताकद बैलजोडीएवढी. पहिल्या दोन साऱ्या गावाला माहीत होत्या. तिसरी त्याच्या डोळ्यांदेखत घडली, आणि तिच्यात त्याचाही हात होता.

गाव अंजनगाव सुर्जीपासून दोन कोसांवरचं, साल अठ्ठावन्न. शाळा चौथीपर्यंत आणि शिक्षक दोन. हेडमास्तर भगवंतराव आणि तिवशाहून आलेला सहदेव. सहदेव तेव्हा तेवीस वर्षांचा. आवाज इतका बारीक की मागच्या रांगेतली मुलं ओठांकडे पाहून धडा समजून घ्यायची. अक्षर मात्र असं, की गावातली माणसं पत्रावरचा पत्ता त्याच्याकडूनच लिहून नेत. म्हणून शाळेचा बाहेरचा फळा त्याच्याकडे आला.

हा फळा ओट्यावर रस्त्याकडे तोंड करून टांगलेला होता. वर पांढऱ्या रंगात 'आठवड्याची वार्ता' असं कायमचं लिहिलेलं. कोणाची हजेरी पूर्ण भरली, टकळीवर कोणत्या वर्गानं जास्त सूत काढलं, बागेतली किती वांगी बकरीनं खाल्ली, असं सारं त्यावर यायचं. शनिवारी सकाळची शाळा सुटली की चौथीतलं एक पोर ओट्यावर उभं राहून मोठ्यानं वार्ता वाचायचं. शनिवार गावच्या बाजाराचा. भाजीच्या पाट्या डोक्यावर घेऊन बाया थांबायच्या, गडीमाणसं बिड्या पेटवून ऐकायची. भगवंतरावांचे नियम दोनच होते. शाळेनं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं तेच लिहायचं, ऐकीव नाही. आणि लिहिलेलं पुढच्या शनिवारपर्यंत पुसायचं नाही.

त्या वर्षी दिवाळीनंतर श्रमदानातून शाळेला नवी खोली झाली. ब्लॉकच्या सरकारी ऑफिसातून टिनाचे पत्रे मिळाले. त्यांचा ट्रक नाल्याच्या अलीकडेच काळ्या मातीत रुतला, तेव्हा बौद्धवस्तीतल्या अकरा बायांनी ते पत्रे डोक्यावर घेऊन मैलभर वाहून शाळा समितीच्या अध्यक्षांच्या अंगणात आणले. खोलीवर टिन चढले त्या शनिवारी सहदेवनं फळ्यावर श्रमदान करणाऱ्यांची नावं लिहिली. बत्तीस नावं, त्यात या अकरा बायांचीही.

त्या दिवशी वाचायची पाळी जयवंताची होती. 'सुंदराबाई बुधाजी' असं तिनं वाचलं तेव्हा सुंदराबाई रस्त्यातच गर्दीत उभी होती. स्वतःचं नाव तिनं शाळेच्या ओट्यावरून पहिल्यांदाच ऐकलं.

"अजून एक डाव वाच वं," ती खालून ओरडली. लोक हसले. जयवंतानं परत वाचलं.

तेवढ्यात शाळा समितीचे अध्यक्ष खुशालराव आले. गावात ऐंशी एकराचे धनी, शाळेच्या प्रत्येक कामात पुढे. त्यांनी फळा वरपासून खालपर्यंत पाहिला, खांद्यावरचं उपरणं काढलं आणि त्याच्या टोकानं अकरा नावं पुसून टाकली. एकेक, सावकाश, जणू ताटातले खडे वेचावेत.

"मास्तर, गावच्या शाळेवर गावाचीच नावं पायजेत," ते म्हणाले. "या बाया आज टिन वाहून आनतीन, उद्या म्हनतीन शाळाच आमची."

"पण त्यांनी मजुरी घेतली नाही," सहदेव म्हणाला. पण त्याच्या सदऱ्याच्या कॉलरपलीकडे काही ते पोचलं नाही.

खुशालराव गेले. सुंदराबाई ओट्यापाशी आली. खुशालरावांच्या पाठीकडे तिनं पाहिलं नाही, सहदेवकडे पाहिलं.

"गुर्जी, खडू तुमच्या हातात होता," ती म्हणाली आणि लेकीला घेऊन निघून गेली.

नंतरचे दोन महिने ती शाळेकडे फिरकली नाही. कापूस वेचायला ती खुशालरावांच्याच वावरात जात राहिली. वस्तीतल्या बाया तिला बोलल्या, "लाज नाई का वं तुले? त्याच्याच दारी जातं?" ती म्हणायची, "दारी गेल्याबिगर घर दिसते का?" वेचणी झाली की खुशालरावांचा गुरांचा कोठाही ती झाडून द्यायची. शेण काढायची, वैरण सारायची.

इकडे नव्या खोलीला टिन कमी पडले होते. ब्लॉकनं अठराच पत्रे धाडले, असं खुशालरावांनी सांगितलं आणि भगवंतरावांनी ते मानलं. पश्चिमेचा कोपरा उघडाच राहिला. दुपार झाली की तिसरीची पोरं उन्हाबरोबर पाट्या घेऊन सरकत सरकत दाराशी यायची.

जानेवारीत एका दुपारी, मधल्या सुटीत, सुंदराबाई ओट्यापाशी येऊन बसली. हातात तुरीची काडी होती. तिनं धुळीत आकृत्या काढायला सुरुवात केली. एक उभी, डोक्याशी वळलेली रेघ. तिच्याशेजारी दुसरी, पोट फुगलेली. मग खाली आणखी एक जोडी, आणखी एक. काढताना ती डोळे मिटून घ्यायची, आठवायची आणि मग काडी टेकवायची.

"हे काय हाये, गुर्जी?"

सहदेव वाकला. "हे सतरा. हे अठरा. एकोणीस. हा थोडा उलटा झाला, पण वीस आहे. एकवीस, बावीस. कोणी शिकवलं?"

"खुशालरावच्या कोठ्यानं," ती म्हणाली. "नव्या टिनाले वरून डांबर फासलं त्यानं. आतून लाल रंगाचे हे आकडे तसेच हायेत. शेण काढताना मान वर केली की दिसतात. रोज एक पाठ करून नेला." तिनं काडीनं शाळेच्या छपराकडे दाखवलं. "आता तुमच्या डोक्यावरचे पाहा."

सहदेव खोलीत गेला. दोन महिने तो या छपराखाली शिकवत होता, पण मान वर करून त्यानं कधी पाहिलं नव्हतं. ब्लॉकच्या कारकुनानं प्रत्येक पत्र्यावर लाल रंगात नंबर टाकला होता. एक ते सोळा ओळीनं होते आणि त्यानंतर एकदम तेवीस, चोवीस.

खुशालरावांची चूक सहदेवच्या तेव्हा ध्यानात आली. वरची बाजू चारचौघांना दिसते म्हणून त्यांनी तिला डांबर फासलं होतं. आत कोण जातं? गुरं जातात आणि शेण काढणारी बाई जाते. दोघांनाही वाचता येत नाही, मग रंग कशाला खरवडायचा?

"आमी चोवीस आनले होते," सुंदराबाई म्हणाली. "जे डोक्यावर वायलं, त्याची गनती डोक्याले चुकत नाई. लिवा फळ्यावर."

"मला नाही लिहिता येणार. नियम आहे, सुंदराबाई. शाळेनं पाहिलेलंच..."

"मंग शाळेले पाहाले घेऊन चाला. शाळेले पाय नाई का?"

"माझी बदली करतील."

"माही मजुरी जाईन," ती म्हणाली. "तुमाले दुसरी शाळा तरी भेटन. साहेब कवा येनार हाये तपासनीले?"

"पुढच्या सोमवारी."

"मंग त्याच्या आंधीच्या शनवारी लिवा. आंधी गाव वाचन, मंग साहेब वाचन." ती उठली आणि पायानं आकडे मोडून टाकले. "अन् गुर्जी, याच्यात दया-माया आनू नका. त्यानं एकेक नाव पुसताना आनली नवती."

त्या रात्री सहदेवला लवकर झोप लागली, याचं त्याला स्वतःलाच नवल वाटलं. आयुष्यात पहिल्यांदा कोणाचं तरी वाईट व्हावं असं त्याला मनापासून वाटत होतं, आणि तसं वाटण्याची लाज वाटत नव्हती.

चौथीला दर आठवड्याला गावात नेऊन एखादी गोष्ट पाहायला लावायची, असा शाळेचा पाठ होता. कधी कुंभाराचं चाक, कधी विहिरी. त्या शुक्रवारचा विषय सहदेवनं ठरवला, 'गावातली छपरं'. पोरं पाट्या घेऊन गल्लोगल्ली फिरली आणि गवताची, कौलांची, टिनाची अशी मोजत शेवटी खुशालरावांच्या कोठ्यापाशी आली. खुशालराव बाजेवर बसले होते, ते खूश झाले.

"या, या! पाहा रे पोट्टेहो, टिनाचा कोठा उभ्या गावात कोनाचा हाये? मास्तर, हे लिवाच तुमी फळ्यावर."

"लिहितो," सहदेव म्हणाला.

"मोठ्या अक्षरात लिवा."

"हो, मोठ्याच अक्षरात."

त्यांनी पोरांसाठी बोरांचं टोपलं मागवलं. आत गेलेली पोरं माना वर करून पाट्यांवर लिहीत होती. कोपऱ्यात सुंदराबाई शेण भरत होती. तिनं एकाही पोराकडे पाहिलं नाही.

शनिवारी सकाळी फळा लिहून झाला. भगवंतरावांनी तो दोनदा वाचला. "हे पोरांनी पाहिलं?"

"नऊ पोरांनी. पाट्या ठेवल्या आहेत."

भगवंतरावांनी गालाला हात लावला. "माझी दाढ ठणकते आहे. मी घरी जातो," असं म्हणून ते छत्री घेऊन गेलेही.

शाळा सुटली. बाजार भरला होता. वाचायची पाळी जयवंताची नव्हती, पण सहदेवनं तिलाच उभं केलं. तिनं हजेरी वाचली, सूत वाचलं. मग वाचलं, "चौथीच्या मुलांनी गावातली छपरं पाहिली. गवताची एकेचाळीस, कौलांची एकोणीस, टिनाची दोन. एक शाळा आणि दुसरा श्री. खुशालराव यांचा कोठा. शाळेच्या टिनांवर एक ते सोळा आणि तेवीस, चोवीस हे नंबर आहेत. श्री. खुशालराव यांच्या टिनांवर सतरा ते बावीस हे नंबर आहेत. रंग लाल. अक्षर एकच."

मग मिरचीवाला म्हातारा म्हणाला, "म्हंजे शाळेची गाय याच्या खुट्याले!" आणि सारा रस्ता हसला. जयवंताला कोणी सांगायची गरज पडली नाही, तिनं परत वाचलं. लोक शाळेत शिरून माना वर करून पाहून येऊ लागले.

कोणीतरी सांगितलं असावं. खुशालराव तावातावानं आले आणि खांद्यावरचं उपरणं हातात घेऊनच ओटा चढले. फळ्याखाली सुंदराबाई मांडी घालून बसली होती.

"उठ वं!"

"मी कायले उठू? तुमचा हात पोचते ना वर? पुसा, पाटील. फळा पुसान, कोठा कसा पुसान? टिन काढले तरी गाव पाहीन, ठेवले तरी सायेब पाहीन."

उपरणं हातातच राहिलं. खुशालराव सहदेवकडे वळले. "मास्तर, तुमाले खाऊ घातलं होतं मी."

"बोरं," सहदेव म्हणाला, आणि या वेळी त्याचा आवाज मिरचीवाल्यापर्यंत गेला. "ती पोरांनी खाल्ली."

रविवारभर सुंदराबाई कोठ्यासमोरच्या निंबाखाली बसून राहिली. एक पत्रा हलला नाही. सोमवारी डिप्टी साहेबांनी फळा वाचला, शाळेचं छप्पर पाहिलं, कोठा पाहिला, आणि ते चहा न घेता गेले. बुधवारी सहा पत्रे खुशालरावांच्या बैलगाडीतून शाळेच्या दारात आले. गाडीवर गडी नव्हता, खुशालराव स्वतः कासरा धरून होते, कारण साहेबांनी तसंच लिहून दिलं होतं. वस्तीतल्या अकराही बाया रस्त्याच्या कडेला उभ्या होत्या. सुंदराबाई मोठ्यानं मोजत होती, "सतरा, अठरा, एकोनीस..."

पुढच्या शनिवारी सहदेव ओलं फडकं घेऊन फळ्यापाशी आला, तेव्हा ती आधीच तिथं होती.

"आता तुमची अकरा नावं लिहितो," तो म्हणाला. त्याला वाटलं होतं, ती खूश होईल.

"आमची नंतर. त्याचं राहू द्या अजून."

"आठवडा संपला. नियम आहे."

"आमचं नाव एक घडीभर तरी होतं का फळ्यावर? त्याचं राहू द्या. माह्या नावापेक्षा मले थेच वाचाले बरं वाटते."

सहदेवनं फडकं पिळलं आणि खिळ्याला अडकवलं. फळा आणखी तीन आठवडे तसाच राहिला. दर शनिवारी पोरं तीच वार्ता वाचत आणि बाजारातली माणसं पोरांबरोबर तोंडपाठ म्हणत. चौथ्या आठवड्यात सहदेवच्या बदलीचा कागद आला. परतवाड्याच्या पलीकडे, धारणीकडची जंगलातली शाळा. कागदावर कारण एवढंच होतं, 'फलकावरील मजकूर मुदतीत न बदलणे'. अकरा नावं लिहायची राहून गेली. नव्या मास्तरानं फळा पुसला आणि वांग्यांपासून सुरुवात केली.

सुंदराबाईला गावात कोणी मजुरीला बोलवेना. ती बांधावरचं गवत कापून अंजनगावच्या बाजारात विकू लागली. तिला याचं वाईट वाटत होतं, की अजूनही गोड वाटत होतं, हे सहदेवला कधी कळलं नाही, आणि विचारायचं धाडस त्याच्यात नव्हतं. जायच्या दिवशी तो अंजनगावच्या मोटार स्टँडवर ट्रंक आणि वळकटी घेऊन उभा होता. ती गवताचा भारा उतरवून पलीकडे बसली होती. त्याला पाहून उठली आणि जवळ आली. आता ती काहीतरी बोलेल, असं त्याला वाटलं.

"परतवाड्याची मोटार का?"

"हो. उशीर आहे म्हणतात."

तिनं वाकून त्याच्या वळकटीखाली पाहिलं.

"वळकटी उचला, गुर्जी. खाली मुंग्या हायेत."

"हो, उचलतो," सहदेव म्हणाला.