सुशीची लाकडी पट्टी

ढाणकीहून सुशीच्या मुलीचा, लताचा फोन आला तेव्हा मी लसूण सोलत होते. "मावशी, आई गेली…" एवढं ऐकलं आणि मी फोन ठेवूनच दिला. ती पुढेही काही बोलत होती. पण माझी ही खोड जुनी. सुशी असती तर म्हणाली असती, "प्रमिले, शेपूट ऐकलंच नाही तू!"

सुशी आणि मी पुसदच्या टेलिफोन ऑफिसात शेजारी बसायचो. आधी वायरी खुपसायच्या बोर्डावर, मग बोर्ड गेला आणि कॉम्प्युटर आला. साहेबांनी दोघींना कोर्सला धाडलं. सुशी तिथं पेंगायची. मी पहिल्या बाकावर, इस्त्रीची साडी, नवा चष्मा! सर्टिफिकेट फ्रेम करून देवघरावर टांगलं. सासूबाई त्यालाही कुंकू लावायच्या, आणि मी लावू द्यायचे.

ती कापसाच्या पडत्या भावाची वर्षं. तपासायला कोणतीही लाइन कानाला लावली की एकच प्रश्न, "भाव काय निघाला जी?" आणि उत्तर ऐकलं की रिसीव्हर आपटल्याचा आवाज… यंत्र प्रत्येक लाइनीची खबर एकेका ओळीत लिहून ठेवी, त्याला लॉग म्हणत. त्यातल्या 'फॉल्ट'च्या ओळी तेवढ्या निवडायच्या आणि लाइनमनच्या अरुंद चिठ्ठीवर मावतील अशा मोडून छापायच्या, एवढा प्रोग्राम मी लिहिला. एवढाच, पण चालायचे अशी, जणू उपग्रहच सोडला.

तेव्हा लता ढाणकीला सासरी, दिवस भरलेली. तिचा फोन लागेना, जवळच्या बूथचाही लागेना. सुशीला रजा मिळेना. ती रोज माझी चिठ्ठी बघायची. त्यात ढाणकीचं नाव नाही.

"चिठ्ठीत नाही म्हणजे फॉल्ट नाही," मी ऐटीत.

"मंग पोरगी काहून बोलत नाही वं?"

तिकडे लाइनमन रामभाऊ कावलेला. "बाई, उमरखेडले धाडता, अन् तिथं सारं चालू हाय जी!" मी प्रिंटरला दोष दिला, कागदाला दिला, मग व्हायरसला.

शेवटी सुशीनं पर्समधून लाकडी पट्टी काढली. लताची, शाळेतली, टोकाला तिच्या दातांच्या खुणा. पडद्यावर लॉग आणून सुशी एकेका ओळीखाली पट्टी धरत मोठ्यानं वाचू लागली. "फॉल्ट, पुसद, उमरखेड मार्गे…" इथं ओळ पडद्याबाहेर. तिनं ती सरकवली. "…ढाणकी." चिठ्ठीत मात्र ओळ उमरखेडवरच संपलेली.

"हे शेपूट कुठं गेलं?"

मग तिनं माझा प्रोग्राम तसाच वाचून काढला. मी आधी ओळी मोडत होते आणि नंतर 'फॉल्ट' शब्दाच्या निवडत होते. आखूड ओळी मोडतच नसत, म्हणून जवळची गावं नीट यायची. लांब ओळीच्या दुसऱ्या तुकड्यात 'फॉल्ट' शब्दच नसे. तो तुकडा, गावासकट, कचऱ्यात.

"अवं, आधी कापसाची गठाण बांधून मंग सरकी काढते काय कोणी?" अख्खं ऑफिस हसलं.

दोन आज्ञांची अदलाबदल केली, चिठ्ठीवर ढाणकी उमटली, रामभाऊ निघाला. दुपारी त्यानं बूथवरून तपासणीचा फोन लावला, तर कुणीतरी रिसीव्हर हिसकून विचारलं, "भाव काय निघाला जी?" सुशीनं त्याला असा झापला! थोड्या वेळानं लताच्या घरून पुन्हा घंटी. "आई, होती कुठं तू? परवा नात झाली तुले!"

सुशीनं डोळे पुसले, आणि पट्टीनं माझ्या डोक्यात एक टपली हाणली.

परवा सुशीच्या पुण्यानुमोदनाला, तिच्यासाठीच्या वंदनेला, ढाणकीला गेले. लतानं पट्टी माझ्या हातात ठेवली. "मावशी, तुम्ही फोन ठेवून देल्ला. मी सांगून राह्यली होती… आई गेली, पण सकाळी हसत होती. म्हणे, पट्टी प्रमिलेले दे. तिले गरज हाय."

आता मोबाईलवर मेसेज आला की मी खाली पट्टी धरते. काचेवर ती घसरते, नातवंडं हसतात. हसोत. दातांच्या खुणा अंगठ्याखाली येतात, आणि मी ओळ शेवटपर्यंत वाचते.