केबलरावांचे ससाणे

"बघायचं, हात नाही लावायचं."

हे वाक्य केबलराव दिवसातून वीस वेळा म्हणायचे. दुरुस्तीला आलेल्या टीव्हीचं मागचं झाकण उघडलं की भोवती जमलेल्यांना पहिलं हेच. पापनाशमहून मोपेडवर टीव्ही बांधून आणला, तरी दोरी सोडायच्या आधी हेच. त्यांच्या मुलीला बघायला पाहुणे आले, तेव्हाही बैठकीतल्या नव्या टेपरेकॉर्डरकडे बोट दाखवून ते हेच बोलले. पाहुण्यांचा भलताच गैरसमज झाला म्हणतात. मुलीचं लग्न मात्र तिथेच जमलं.

त्यांचं नाव सांगत नाही. तंजावुरात आम्हा मराठी माणसांना सगळे सरसकट 'राव' म्हणतात, आणि राजवाड्यामागच्या आमच्या गल्लीत तर घरटी एक राव. म्हणून बँकेतले ते बँकराव, पोस्टातले पोस्टराव. पुढे नव्या वाहिन्यांचं पेव फुटलं, आणि ज्यांनी स्वतःच्या गच्चीवर भली मोठी तबकडी बसवून चार गल्ल्यांत तारा ओढल्या, ते केबलराव. त्या वर्षांत असा एक माणूस तुमच्याही गल्लीत असणार. खांद्यावर तारेचं वेटोळं, खिशात टेस्टर, आणि सामन्याच्या दिवशी चित्र गेलं की सगळ्यांच्या शिव्या खाणारा.

आमच्या केबलरावांचं एक वेगळं होतं. त्यांनी आम्हाला ससाणे दाखवले.

गल्लीच्या टोकाला भाताची एक बंद पडलेली गिरणी होती. तिच्या मनोऱ्यावरून तार नेताना केबलरावांना वरच्या झरोक्यात हाडं आणि पिसं सापडली. दरवर्षी इथे एक मोठा पक्षी पिल्लं घालतो, असं गिरणीच्या वॉचमनने सांगितलं. त्याच सुमारास एका सराफाने दुकानातला कॅमेरा बदलला आणि जुना यांना देऊन टाकला. मार्गळी महिन्यात, म्हणजे डिसेंबर-जानेवारीत, पक्षी यायच्या आधी, यांनी तो झरोक्याच्या कोपऱ्यात घट्ट बसवला आणि गच्च्यांवरून तार ओढत आपल्या जिन्याखालच्या खोलीपर्यंत आणली. त्या खोलीला ते 'कंट्रोल रूम' म्हणत. तीन व्हीसीआर, एक पंखा आणि बसायला एक उलटी बादली.

मग एका वाहिनीवर सकाळपासून सिनेमा लागेपर्यंत फक्त तो झरोका दिसू लागला. काळं-पांढरं चित्र, आवाज नाही. आधी खडे, मग एक पक्षी, मग तीन अंडी, आणि एके दिवशी तीन कापसाचे बोळे.

मी मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवत होते. केबलराव मला अक्का म्हणत. पहिल्याच दिवशी येऊन म्हणाले, "अक्का, हे वैरी अहे. तमिळांत वैरीच म्हणतात."

"मराठीत वैरी म्हणजे शत्रू हो. याला बहिरी ससाणा म्हणतात." वडिलांनी मला देवनागरी शिकवली होती, आणि त्यांच्या एका जुन्या पुस्तकात हा शब्द होता.

"बहिरी? खालीं उंदीर चालला तरी कळतंय तिला."

पण शब्द गल्लीत पसरायचा तो पसरलाच. आमच्याकडे बहिरी म्हणजे कानाने अधू, दुसरा अर्थ कुणाला ठाऊक असायचं कारण नव्हतं. त्यात चित्राला आवाज नाही, म्हणजे खात्रीच पटली. समोरच्या काकू टीव्हीपुढे बसून त्या आईला ओरडून सांगत, "अगो बाई, पोरं बोंबलताहेत, ऐकूं येत नाही कां तुला?" आई कबुतर घेऊन आली की काकू समाधानाने आमच्याकडे बघत. आपणच सांगितलं म्हणून आली, असा त्यांचा चेहरा असे.

केबलरावांनी माझ्याकडून एका पाटीवर 'बहिरी' लिहून घेतलं आणि रोज सकाळी आधी ती खोलीतल्या दुसऱ्या एका कॅमेऱ्यासमोर धरून मग झरोका लावू लागले. देवनागरी वाचणारी गल्लीत मी एकटीच. पण "अपली अक्षरं टीव्हींत दिसूंदेत की," असं त्यांचं म्हणणं. स्वतःही बादलीवर बसून ती अक्षरं गिरवत. इकार-ईकार नेहमी चुकायचा.

मी एक वही सुरू केली. रोज सकाळी शाळेला जायच्या आधी आणि संध्याकाळी आल्यावर बघायचं आणि लिहायचं: कोण खातं, कोण ढकलतं, कुणाच्या पंखाला काळी पिसं फुटली. धाडस करून ते टिपण पुण्याच्या एका छोट्या निसर्गमासिकाला पाठवलं. त्यांनी छापलं, पुढचं मागवलं, आणि वर कार्ड लिहिलं की तंजावुराहून इतकं नेटकं मराठी येईल असं वाटलं नव्हतं. ते कार्ड मी किती जणांना दाखवलं, ते सांगायला आज लाज वाटते. पण खरं सांगते, आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं की आपली भाषा जिथून आली तिथे आपलं कुणीतरी ऐकतंय.

पिल्लं महिन्याची झाली. अंगावर पिसं आली, पहिल्याच्या डोक्यावर तेवढा कापसाचा तुरा उरला. कॅमेऱ्याच्या काचेवर मात्र धूळ आणि विष्ठा बसून चित्र अंधुक झालं होतं. पुण्याला चित्रं काढून पाठवायची होती, आणि तिसऱ्या पिल्लाची शेपटी नीट दिसेना. मी केबलरावांच्या मागे लागले, की वर चढा आणि काच पुसा.

"बघायचं, अक्का. हात नाही लावायचं."

"दोन मिनिटांचं काम आहे. तुम्हाला चढायची भीती वाटते का?"

रविवारपर्यंत मी चार वेळा सांगितलं. चौथ्यांदा ते "सरी" म्हणाले, म्हणजे बरं.

सोमवारी चित्र तसंच अंधुक होतं. मंगळवारीही. बाबापुता करून सांगितलं तरी याने पुसली नाहीच, म्हणून मी धुसफुसत राहिले. त्यातून पिल्लंही वाढेनाशी झाली. पहिल्याचा तुरा जाईना. बुधवारी रस्त्यात विचारलं, तर केबलराव मोपेडची साखळी बघत खाली वाकलेले होते. "वाढतील की," म्हणाले. वर बघितलं नाही. गुरुवारी मी त्या चार दिवसांचं टिपण पुण्याला टाकलं आणि 'वाढ मंदावली, उपासमार असावी काय?' असा प्रश्नही केला.

शुक्रवारी संध्याकाळी आईने पिल्लांना कबुतर आणलं. पांढरं, कुणाचं तरी पाळलेलं, एका पायात घुंगरू. मी लिहायला घेतलं आणि हात थांबला. हे मी लिहिलं होतं. वही मागे चाळली, तर गेल्या शनिवारीच ते सापडलं: पांढरं कबुतर, डाव्या पायात घुंगरू, मधल्या पिल्लाने आधी पाय ओढला. टीव्हीत बघते तो मधल्या पिल्लाने आधी पाय ओढला.

एकच कबुतर दोनदा कसं मरेल?

वही तशीच हातात घेऊन मी कंट्रोल रूमवर गेले. केबलराव बादलीवर बसले होते. व्हीसीआरमध्ये गेल्या शनिवारची कॅसेट फिरत होती.

"पिल्लं कुठे आहेत?"

"गेली, अक्का."

"उडाली?"

"गेली."

"कधी?"

"सोमवारीं."

पुढे मी काय बोलले, ते सगळ्या गल्लीने ऐकलं. खोटारडा म्हटलं. पाच दिवस आम्हाला वेड्यात काढलंत म्हटलं, माझ्या नावावर खोटं छापायला पाठवलंत म्हटलं. काकू दारात येऊन उभ्या राहिल्या. कशी गेली, का गेली, हे त्यांनी सांगावं म्हणून मी थांबलेसुद्धा. ते उठले, कॅसेट बाहेर काढली आणि एवढंच म्हणाले, "परवाइल्लै, अक्का." काही हरकत नाही. जसं काही माझंच चुकलं होतं आणि ते मला माफ करत होते. या शब्दाने मी सर्वांत जास्त चिडले.

पुण्याला मी चूक कळवणारं पत्र लिहिलं. मागची टिपणं खरी आहेत, ही चार दिवसांची खोटी, छापू नका. त्यांचं कार्ड पुन्हा आलं नाही. ज्याने एकदा खोटं पाठवलं त्याचं बाकीचं खरं कोण मानणार? त्यांच्या जागी मीही मानलं नसतं. वही बंद झाली, आणि तिच्याबरोबर माझं मराठी लिहिणंही. हे मी त्यांच्या खात्यावर मांडलं आणि बरीच वर्षं तिथेच ठेवलं.

आम्ही बोलणं सोडलं. काही वर्षांनी शहरातल्या मोठ्या केबलवाल्याने चारही गल्ल्या घेतल्या आणि केबलराव मुलीकडे होसूरला निघून गेले. जाताना एक कॅसेट काकूंजवळ माझ्यासाठी ठेवून गेले. वर त्यांच्या अक्षरात देवनागरीत लिहिलं होतं: 'बहीरि'. दोन्ही वेलांट्या चुकलेल्या. मी ती कपाटात टाकली. माझ्याकडे व्हीसीआर नाही, असं स्वतःला सांगितलं. शाळेत होता.

होसूरहून ते वारल्याची बातमी आली त्या वर्षी शाळेतलं जुनं सामान भंगारात निघालं. व्हीसीआर गाडीवर चढायच्या आधी, दुपारच्या सुट्टीत, मी एकटीने ती कॅसेट लावली.

सोमवारची सकाळ, गल्लीला झरोका दाखवायच्या आधीची. अंधुक चित्र. तीन पिल्लं शेजारी शेजारी बसलेली, पहिल्याच्या डोक्यावर तुरा. मग खालून एक हात वर आला. हातात पांढरं फडकं. पिल्लं मागे सरकली, कडेपर्यंत सरकली. हात थांबला, मागे गेला, थोडा वेळ दिसला नाही. मग अगदी हळू पुन्हा आला आणि काच पुसली. एकदाच. पहिलं पिल्लू गेलं. दुसरं गेलं. पंख पुरते फुटले नव्हते, ती उडाली नाहीत. हाताने फडकं टाकलं आणि तिसऱ्याकडे झेप घेतली, तोवर तेही कडेवरून गेलं होतं. हात तसाच उघडा, हवेत राहिला.

मला त्यांचा राग आजही आहे. सांगायला हवं होतं. मी रडले असते, भांडले असते, दोन महिने अबोला धरला असता, पण माझ्या वाट्याचं मला मिळालं असतं. अख्ख्या गल्लीसमोर मी त्यांना खोटारडा म्हणत होते, तेव्हा एका वाक्यात माझं तोंड बंद करता आलं असतं. ते त्यांनी माझ्यापासून लपवलं, आणि पिल्लं लपवली त्याहून हे मला जास्त लागतं.

कॅसेट पुढे बराच वेळ चालली. हात निघून गेला, नुसता झरोका उरला. काच इतकी स्वच्छ झाली होती की खालचा एकेक खडा मोजता आला असता.