रानतुरीच्या कागदावरचं नाव

राजेगावला गोंदियाची बस थांबली आणि बाने माझी पत्र्याची पेटी टपावर चढवली. वसंता, तू तेव्हा आईचा पदर धरून उभा होतास. बालाघाट एका राज्यात आणि नागपूर दुसऱ्या राज्यात जाऊन सहा-सात वर्षं झाली होती; बसने नदी ओलांडली की आपण परमुलखात. बा गावचा कोटवार, म्हणजे राखणदार. शीव, बांध, खडकाळ बरडीवरचं झुडूपन् झुडूप त्याच्या पायाखालचं. "आधी पाहून घे, मंग नाव घे," एवढंच तो मला म्हणाला. झुडपांबद्दलही तो हेच सांगायचा आणि माणसांबद्दलही.

नागपूरला एका कॉलेजच्या वनस्पती विभागात मला काम मिळालं होतं. झाडं दाबून वाळवायची, जाड कागदावर शिवायची आणि कोपऱ्यात लेबल डकवायचं. लेबल म्हणजे झाडाचा दाखलाच: नाव काय, सापडलं कुठे, गोळा कोणी केलं. माझं अक्षर चांगलं, म्हणून लेबलं माझ्याकडे. त्या खोलीची मला पहिल्या दिवसापासून किळस आली. किडे लागू नयेत म्हणून कागदांना विष लावायचे. बोटांची सालं निघायची. डांबरगोळ्यांचा वास जेवणाच्या डब्यात शिरायचा. घरी मोहफुलांच्या वासाने डोकं जड व्हायचं, पण भूक कधी मेली नाही. इथे भाताचा डबा निम्मा तसाच परत जायचा.

एकदा आमचे प्रमुख सर बालाघाटकडच्या सहलीतून एक डहाळी घेऊन आले. तीन-तीन पानं, पिवळी फुलं, शेंग एकही नाही. "शेतातली तूर. रानात पळालेली," असं म्हणून त्यांनी ती तुरीच्या गठ्ठ्यात टाकली. मी पाहताक्षणी ओळखली. आपल्या बरडीवरची रानतूर होती ती. तसं मी भीत भीत म्हटलं, तर सर हसले. "कशावरून?" मला सांगता येईना. मी बाला पत्र टाकलं.

पत्राचं उत्तर घेऊन बा स्वतःच आला, काखेत फडक्यात बांधलेलं अख्खं झुडूप. पिकल्यावर शेंगा तडकतात आणि दाणे उडून जातात, म्हणून त्याने पंधरा दिवस आधीच शेंगांना चिंध्या बांधून ठेवल्या होत्या.

"हे तूर नोहे, साहेब," तो म्हणाला. "शेतातली तूर वाळली तरी दाना धरून राह्यते. हे फेकून देते. अन् हे पाहा, दान्याच्या डोयापाशी पांढरी गाठ हाये. तुरीले नसते."

सरांनी दाणा भिंगाखाली धरला आणि जाडजूड पुस्तक उघडलं. पुस्तकात तेच होतं. त्या गाठीवरूनच ती तुरीहून वेगळी ठरत होती. मग सरांनी चहा मागवला. टेबलावर चार कप पालथे होते. बाचा चहा आला तो औषधं कालवायच्या काचेच्या पेल्यात, आणि तोही दाराबाहेर. बाने तो प्यायला, पेला विसळला आणि पालथा ठेवला. मी आत उभी राहून पाहत होते.

बसपर्यंत सोडायला गेले तेव्हा त्याने विचारलं, "त्या कागदावर माहं नाव लिवतेत का वं?"

"हौ, बा," मी म्हटलं. मला खरंच तसं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी सरांनी बाने आणलेल्या झुडपाचं लेबल सांगायला घेतलं. गोळा करणारा म्हणून त्यांनी स्वतःचं नाव सांगितलं. स्थानिक नाव: नाही.

"सर, बा रानतूर म्हणाला होता."

"ते काय नाव आहे? लिहा, नाही."

मी लिहिलं. माझी नोकरी पक्की व्हायची होती, म्हणून वळणदार लिहिलं. सरांबद्दलची किळस सोपी आहे, ती शिव्या घालून निघते. स्वतःची निघत नाही, कितीही हात धुवा.

पुढे दर उन्हाळ्यात मी घरी आले की बा चार माणसं जमवायचा. "सांग वं याईले, कागदावर कोनाचं नाव हाये!" मी दर वेळी "तुहं, बा" म्हणायचे. मागल्या वर्षी तो गेला. दवाखान्यातल्या नर्सलाही त्याने सांगितलं होतं, "माहं नाव नागपूरच्या कपाटात हाये." हे तू मला सांगितलंस तेव्हा मी पदर तोंडात कोंबला. घरी जमलेल्या बायकांना वाटलं, रडतेय. मला ओकारी येत होती.

आमच्या कामात एक रीत आहे. जुनं लेबल चुकीचं असलं तरी काढायचं नाही. ज्याला चूक कळेल त्याने शेजारी आपली चिठ्ठी डकवायची आणि खाली सही करायची. सर कधीच बदलून गेले, किल्ल्या माझ्याकडे आल्या, तरी ही एक चिठ्ठी लिहायला मी बा मरेपर्यंत थांबले. काल लिहिली. गोळा करणारा: सोनबा, कोटवार. स्थानिक नाव: रानतूर.

तू लिहितोस की बरडी धानासाठी सपाट केली, आता तिथे रानतूर औषधालाही सापडत नाही. मग आपलं घर कुठे उरलं ते सांगते. तिसऱ्या कपाटात, खालून दुसऱ्या कप्प्यात, डांबरगोळ्यांच्या वासात. इकडे आलास तर कपाट उघडून देईन. बाचं नाव वाच, आणि शेजारचं जुनं लेबलही वाच. ते कोणी लिहिलं, हे मला विचारू नकोस. तू माझं अक्षर ओळखतोस.