कुंताबाईच्या चक्कीवर गहू नाही

...तर कुंताबाईनं चक्कीचा पट्टा उतरवला आणि डबा घेऊन आलेल्या निर्मलाबाईला सांगितलं, "बाई, आजपासून गहू बंद." काल इथवरच आलो होतो, तेवढ्यात जेवायची हाक आली. पण गहू बंद का, हे कळल्याशिवाय गोष्ट पुढं सरकायची नाही. म्हणून जरा मागं जाऊ.

सानगडीच्या बाजाराच्या वाटेवर कुंताबाईची चक्की. नवरा गेल्यावर तिनं ती एकटीनं चालवली. दगडाला टाकी लावायला माणूस आला नाही, तर पदर खोचून स्वतः छिन्नी-हातोडा घेऊन बसायची. कान असे तयार की चुलीपाशी भाकर थापता थापता सांगायची, "पाहा रे, दगड कोरडा फिरून राहिला."

तिची नात हर्षा, मुलगा केवळराम याची पोर. चार वर्षांची झाली तरी दोनाची दिसायची. हातपाय काड्या, पोट माठासारखं, दिवसातून पाच-सहा वेळा परसाकडं. जंताचं औषध झालं, ताईत झाला. आपला मुलूख धानाचा. बारा महिने भात, म्हणून भाताला मान नाही. पोळी सणाची, पाहुण्याची, बाळंतिणीची. पोर वाळली की जो तो म्हणणार, "भातात का ताकत हाय? पोळी चारा." कुंताबाईनं ते मनावर घेतलं. गहू निवडून, स्वतः दळून, तूप लावून पोळी. सकाळी गव्हाच्या चिकाची खीर. पोर तोंड फिरवायची, तर मांडीवर घेऊन भरवायची. जितकी माया तितका गहू, आणि जितका गहू तितकी पोर खंगत गेली.

शेवटी नागपूरच्या एका डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं, दुर्बिणीनं आतड्याचा बारीक तुकडा काढून पाहिला आणि आजाराचं नाव सांगितलं: सीलिॲक. गव्हात ग्लूटेन नावाचा चिवट भाग असतो, त्यानंच कणीक ताणली जाते. या मुलीला तो चालत नाही. आतड्याची लव झडते, मग खाल्लेलं अंगी लागत नाही. उपाय एकच, गहू आणि जव जन्मभर बंद.

"मंग खावं का तिनं?" केवळरामनं भीत भीत विचारलं.

"भात," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तुमच्याकडं तर धानच पिकतं ना?"

परतीच्या एसटीत साकोलीपर्यंत कुंताबाईनं हर्षाला मांडीवरून उतरवलं नाही. उतरताना म्हणाली, "केवळ्या, पोट्टीले म्याच चारून राहिली होती रे."

भातावर हर्षा तीन आठवड्यांत खेळायला लागली. महिन्यानं पुन्हा पोट बिघडलं. घरात गव्हाचा दाणा नाही, सकाळ-संध्याकाळ भात नाहीतर तांदळाची भाकर. मग आलं कुठून? कुंताबाई चक्कीपुढं येऊन उभी राहिली. चक्कीवरचा रिवाज असा: गव्हावर गहू, तांदळावर तांदूळ. गव्हामागून तांदूळ टाकायचाच झाला, तर पहिलं ओंजळभर पीठ बाजूला काढायचं. तांबूस रंग दिसेनासा झाला की पीठ चोख. वीस वर्षं तिनं याच नजरेवर भरवसा ठेवला होता. त्या दिवशी वरचा दगड उचलून पाहिला, तर टाकीच्या प्रत्येक चरीत गहू बसलेला. आढ्यावर, पट्ट्यावर, तिच्या पदरावरसुद्धा त्याचाच धुरळा. पट्टा उतरला तो तेव्हा.

निर्मलाबाई डबा कमरेवर तसाच ठेवून म्हणाली, "का वो कुंताबाई, गव्हाशी सोयरीक तोडली का?"

"सोयरीक तोडली. बोलचाल हाय."

"अन् माह्या पोळ्यांचं का?"

"बाजारातल्या चक्कीवर जा. अन् इकडं येताना लुगडं झटकून येजो."

कुंताबाईनं नवे दगड बसवले, भिंती धुऊन चुना दिला. निर्मलाबाई चार दिवस रुसली. पाचव्या दिवशी तांदूळ घेऊन आली, आणि रस्त्यावरच थांबून खरोखर लुगडं झटकलं. पुढं गावात एक रीतच पडली: बारसं असो की तेरवी, हर्षाचं ताट सगळ्यांत आधी वाढायचं, वाढणाऱ्याचा हात पोळीला लागायच्या आत. कोणी कोणाला सांगितलं नव्हतं. हे आठवलं की कुंताबाई आजही पदर डोळ्याला लावते.

पण गाव सुटलं की जीव टांगणीला. हर्षा मोठी झाली, नागपूरला सूक्ष्मजीवशास्त्र शिकायला गेली. मैत्रिणीच्या घरी नुसता वरण-भात खाल्ला, तर वरणातल्या हिंगात कणीक मिसळलेली निघाली. आठ दिवस अंथरुणात. मग प्रत्येक घरी, प्रत्येक ताटावर तिचा एकच प्रश्न, यात काय काय घातलंय? लोकांची तोंडं उतरायची. हळूहळू तिनं कोणाकडं जेवायला जाणंच सोडलं. कुंताबाईला आजारापेक्षा हे जास्त लागलं.

गेल्या हिवाळ्यात हर्षा एका प्रयोगशाळेत कामाला लागली आणि आजीला पाहायला घेऊन गेली. तिथले धनंजय सर मोठे हौशी. त्यांनी दोन काचनळ्या आणल्या. दोन्हींत ग्लूटेन कालवलेलं पाणी. एक ताकासारखी गढूळ, दुसरी नितळ. नितळ नळीत जिवाणूंपासून काढलेलं एन्झाइम घातलं होतं.

"जिवाणू म्हणजे का वो?" कुंताबाईनं नातीला विचारलं.

"दह्याचं विरजण राहते ना आजी, तसेच. फक्त जात वेगळी. त्यांचा एक रस राहते, तो ग्लूटेनचे तुकडे करते. आपल्या पोटाले जे दळता येत नाही, ते हा दळते."

"म्हणजे चक्कीच."

"चक्कीच."

कुंताबाईनं नळी उजेडाकडं धरली. "दळायले किती वेळ लागला?"

"रात्रभर," सर म्हणाले.

"अन् पोटात घास किती वेळ थांबते?"

"दोन-चार तास."

"मंग तर भरडच पुढं जाईन."

सर खुर्ची ओढून तिच्याजवळ बसले. "आजी, चार वर्षं आम्ही इथंच अडलोय. पोटातल्या आंबटात टिकेल आणि घास पुढं सरकायच्या आत काम उरकेल, असं एन्झाइम पाहिजे. परदेशात माणसांवर चाचण्या झाल्या, पण खात्रीचं औषध अजून नाही. आलं तरी सुरुवातीला चुकून पोटात गेलेल्या कणापुरतंच येईल."

"तेवढंच पाहिजे," कुंताबाई म्हणाली. "चूक माणसाकडूनच होते."

मग नळी सरांच्या हाती देऊन, दसऱ्याला चक्कीच्या दगडाला जोडते तसे तिनं तिला हात जोडले. हर्षा लाजली. सर मात्र तिचं होईस्तोवर नळी धरून उभे राहिले.

निघताना त्यांनी विचारलं, "समजा उद्या औषध आलं. नातीला पहिला घास कशाचा चाराल?"

कुंताबाई चप्पल घालता घालता थांबली.

"म्या नाही चारत, साहेब. म्या लय चारलं. औषध आलं का तिनं कोणाच्याबी घरी जावं, अन् 'याच्यात का का टाकलं' असं न पुसता पोटभर जेवून यावं."